तीन नंबरचा टॅपेट

अप्पा पोतनिसांना कुणाला उभ्या उभ्या काम सांगून निघून जाताना मी कधी पाहिलं नाही. ते बसत. चक्कीवर गहू घेऊन गेले की चक्कीवाल्यासमोर पोत्यावर बसत. शिंप्याकडे सदरा टाकला की त्याच्या मशीनसमोर बसत. चपलेला एक टाका घालायचा असला तरी मोच्यापुढे रस्त्याच्या कडेला अनवाणी पाय वर घेऊन बसत आणि टाका पडेपर्यंत हलत नसत. "नजरेआड झाली की वस्तू दुसऱ्याची होते," हे त्यांचं वाक्य फ्रीगंजमधल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं.

पोतनीस म्हणजे खजिन्याच्या थैल्या सांभाळणारा. अप्पांचा कुणी पूर्वज दरबाराबरोबर इकडे माळव्यात आला, तो खजिन्यासमोर बसला तो बसलाच, असं कुमुदकाकू म्हणत. "खजिना गेला, दरबार गेला, बसणं तेवढं आमच्या वाट्याला आलं." काकू, म्हणजे अप्पांच्या पत्नी, नवऱ्याची अशी रेवडी उडवायच्या आणि अप्पा ती मान खाली घालून ऐकून घ्यायचे. बाकी कुणाचं ऐकून घेण्याची त्यांना सवय नव्हती.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात ते आचाऱ्याच्या भट्टीसमोर खुर्ची टाकून बसले होते. तूप किती पडतंय, बुंदी किती निघतेय, सगळ्यावर नजर. त्यांना हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं. शेवटी आचारी वैतागून म्हणाला, "बाबूजी, आप लड़की वाले हो या पुलिस वाले?" अप्पा शांतपणे म्हणाले, "दोनों." मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले तेव्हा डॉक्टरांना त्यांनी विचारलं होतं, की एक डोळा तर मोकळाच राहणार, तर समोर एखादा आरसा ठेवता येईल का. डॉक्टर हसले. अप्पा हसले नाहीत. त्यांना खरंच बघायचं होतं.

मी त्यांच्या शेजारची. भिंतीला भिंत लागून घर, मधे छातीइतकं कुंपण. मी शाळेत भूगोल शिकवते, लग्न केलं नाही, त्यामुळे आईबरोबर त्याच घरात राहिले आणि पोतनिसांचं घर मला आमच्या घरासारखंच येता-जाता दिसत राहिलं. दिसायचं आणि ऐकूही यायचं. कारण अप्पांची गाडी.

दुधी रंगाची, गोल नाकाची ती जुनी गाडी अप्पा पाटबंधारे खात्यात होते तेव्हापासूनची. दिवसभर ते कुठल्या कुठल्या कालव्यांवर असत आणि संध्याकाळी परत येत. गाडी गल्लीच्या वळणावर आली की आवाज यायचा, टक्-टक्-टक्, मधेच एक टक् गाळलेली, पुन्हा टक्-टक्. इंजिनाच्या डोक्यात टॅपेट म्हणून असतात, त्यांच्यातली फट केसभर जास्त झाली की ते असे वाजतात. अप्पांच्या गाडीचा तीन नंबरचा टॅपेट वाजायचा. मेकॅनिक म्हणायचा, हे काम इंजिन पार गार असताना होतं, गाडी रात्रभर सोडून जा. गाडी रात्रभर सोडणं अप्पांना जमणारं नव्हतं आणि त्यांना रात्रभर गॅरेजात बसवून घ्यायला मेकॅनिक तयार नव्हता. असा तो टॅपेट वर्षानुवर्षं वाजत राहिला.

काकू त्या आवाजावर चहाचं आधण ठेवायच्या. वळणावर आवाज आला की गॅस पेटायचा आणि फाटकाशी गाडी थांबेपर्यंत काकू पदराला हात पुसत अंगणात आलेल्या असायच्या. "आलात?" एवढंच म्हणायच्या. अप्पा "हं" म्हणायचे. निवृत्त झाल्यावर जायला कुठलाही कालवा उरला नाही, तरी अप्पा रोज संध्याकाळी गाडी काढून टावर चौकापर्यंत चक्कर मारून येत. मला वाटायचं, हवा खायला जातात. आता वाटतं, त्या "आलात?"साठी जात असावेत.

मग काकूंना विसरण्याचा आजार जडला. आधी डाळीत मीठ दोनदा पडायला लागलं. मग माझ्या आईला त्या आपल्या माहेरची कुणीतरी समजून भलत्याच नावानं हाक मारू लागल्या. सकाळी बऱ्यापैकी असायच्या, दिवस कलला की बिनसायचं. पण गाडीचा आवाज आला की आधण ठेवणं आणि अंगणात येणं मात्र चुकायचं नाही. "आलात?" "हं." मी कुंपणापलीकडून ऐकायचे आणि मला बरं वाटायचं. काहीतरी जागच्या जागी आहे असं वाटायचं.

नानाखेड्याच्या बस स्टँडाजवळ एका संध्याकाळी गाडी बंद पडली. मागून निळा धूर आणि आतून लोखंड चावल्यासारखा आवाज. अप्पांनी ती दोरीनं ओढून मेकॅनिककडे नेली आणि इलाजच नव्हता म्हणून तिथे सोडून ऑटोनं घरी आले. मी तुळशीला पाणी घालत होते. काकू अंगणातच होत्या. अप्पांनी फाटक उघडलं तशा त्या पुढे आल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, "आपल्याला कोण पाहिजे?"

अप्पा म्हणाले, "कुमुद, मी आहे."

"हे घरी नाहीत," काकू म्हणाल्या. "अजून गाडी आलेली नाही यांची. येतीलच. बसा ना आपण."

त्यांनी अप्पांना बाहेरच्या खोलीत बसवलं, तांब्या-भांडं आणून दिलं, पाहुण्यासमोर घेतात तसा पदर घेऊन दारात उभ्या राहिल्या. अप्पा त्यांच्याच खुर्चीत स्वतःचीच वाट बघत बसले. मधेच काकू खिडकीतून वळणाकडे बघून यायच्या आणि म्हणायच्या, "आज उशीरच झाला, आपला फालतू वेळ जातोय." मला ते बघवेना. मी घरात गेले.

दुसऱ्या संध्याकाळी तेच, तिसऱ्या संध्याकाळी तेच. मेकॅनिकनं सांगितलं की इंजिन संपलंय, भंगारात द्या. पुण्याला असलेल्या मुलानं फोनवर सांगितलं, बाबा, आता कशाला गाडी, ऑटो मिळते दारात. अप्पांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "वंदना बेटा, तुझी स्कूटर काढ. देवास गेटला जायचंय. इंजिन बनवून घ्यायचंय."

देवास गेटच्या मागच्या एका गल्लीत हमीदभाईंचं मशीन शॉप होतं. हमीदभाई म्हणजे अंगानं आडवा, तोंडानं फटकळ माणूस, आणि आपल्या कामाचा गर्व इतका की दुसऱ्या कुणी बोअर केलेला इंजिनाचा ब्लॉक समोर आला तर नुसती फुंकर मारून बाजूला सारायचे. दुकानात गिऱ्हाईकानं पाऊल ठेवायचं नाही हा त्यांचा नियम. आणि समोर बसल्याशिवाय काम नाही हा अप्पांचा. पहिल्या दिवशी दोघांची अशी जुंपली की शेजारचा टायरवाला उठून बघायला आला.

"काकाजी, इंजन है, दूल्हा नहीं है, कि सामने बैठ के देखोगे."

"मेरा इंजन है. मैं देखूंगा."

"तो बाहर से देखो."

अप्पा बाहेर उभे राहिले. ऊन चढलं तरी उभेच. दुपारी हमीदभाईंनीच एक लोखंडी स्टूल पायानं बाहेर ढकललं. पुढच्या आठवड्यात ते स्टूल उंबऱ्याच्या आत होतं आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात मशीनच्या शेजारी. शाळेत जाताना मी अप्पांना सोडायचे आणि येताना घेऊन यायचे. मी पोचायचे तेव्हा दोघं एका कागदावरचे पोहे खात असत आणि भांडत असत. हमीदभाईंनी क्रँक घासून आणली, तर अप्पा ती बोटांनी चाचपून म्हणत, अजून जरा चमक कमी आहे. हमीदभाई पिस्टन बसवू लागले, तर अप्पा म्हणत, हलतोय का बघा. "काकाजी," हमीदभाई एकदा मला ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐसा इंजन दूंगा कि चालू है कि बंद, पता नहीं चलेगा. बोनट पे सिक्का खड़ा कर देना, गिर जाए तो दुकान तुम्हारी." अप्पांचा चेहरा खुलला. त्या सबंध महिन्यात तेवढाच खुललेला मला आठवतो.

कारण काम लांबत चाललं होतं. क्रँकला तडा निघाला, दुसरी क्रँक इंदूरहून यायची होती, ती आली तर तिच्या मापाचे बेअरिंग मिळेनात. इकडे काकू उतरत चालल्या होत्या. आता सकाळीही अधूनमधून त्या अप्पांकडे परक्यासारखं बघायच्या. माझी आई दिवसभर त्यांच्याजवळ जाऊन बसायची. संध्याकाळ झाली की काकू गॅसजवळ उभ्या राहायच्या, आधण न ठेवता, नुसत्या कान देऊन. आई सांगायची आणि माझा संताप व्हायचा. मला वाटायचं, हा माणूस लोखंडासमोर बसून राहिलाय आणि घरात बायको रोज थोडी थोडी हातची जातेय.

एकदा परत येताना स्कूटर बाजूला लावून मी त्यांना बोलले. "अप्पा, जगात सगळ्यांसमोर बसलात. आता काकूंच्या समोर बसा की. हे काय त्या दुकानात दिवस काढताय?"

अप्पा म्हणाले, "तिच्या समोरच तर बसतो गं रात्री. ती विचारते, आपण कुठले? मी सांगतो, इथलाच. मग म्हणते, यांना ओळखता का आपण? मी म्हणतो, हो, चांगला ओळखतो. मग ती मलाच माझ्याबद्दल सांगते. कालव्यावरून थकून येतात म्हणते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "गाडी तयार होऊ दे बेटा. गाडी आली की मीही येईन."



गाडी झाली. हमीदभाईंनी किल्ली फिरवली, मग खिशातून एक नाणं काढून बोनेटवर कडेवर उभं केलं. ते हललं नाही. अप्पांनी वाकून, कान लावून ऐकलं. आतून नुसती गरम दुधाला साय धरताना येते तेवढी कुजबुज. टायरवाला बघायला आला, पलीकडचा वेल्डिंगवाला आला. हमीदभाई कुणाकडेही न बघता हात पुसत होते, म्हणजे सगळ्यांनी बघावं असं त्यांना वाटत होतं. अप्पांनी त्यांचे ते काळे हात दोन्ही हातांत धरले.

संध्याकाळी आम्ही घरी निघालो. मी अप्पांच्या शेजारी बसले होते. त्यांनी केस विंचरून घेतले होते. वळणावर त्यांनी गाडी मुद्दाम हळू घेतली, पूर्वी घेत तशी. काकू अंगणातच होत्या, आईशेजारी खुर्चीत. आम्ही फाटकाशी येऊन थांबलो तरी त्यांनी मान वर केली नाही. अप्पांनी हॉर्न दिला. काकू दचकल्या आणि आईला म्हणाल्या, "बघा हो, कुणाकडे तरी गाडी आलीय."

अप्पा उतरले. फाटकाशी उभे राहिले. काकूंनी पदर घेतला. "आपल्याला कोण पाहिजे?"

मला वाटलं, झालं, उशीर झाला. आजार पुढे गेला. मी गाडीतच बसून राहिले. अप्पा परत आले, स्टिअरिंगवर हात ठेवून बसले, आणि इंजिन चालू आहे की बंद ते कळेना म्हणून त्यांनी किल्लीकडे बघितलं. चालूच होतं.

"आवाज नाही," ते म्हणाले. "वंदना, हिचा आवाजच गेला. मीच घालवला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवास गेटला. हमीदभाईंना वाटलं, आम्ही पेढे घेऊन आलोय.

"तीन नंबर का टॅपेट ढीला कर दो," अप्पा म्हणाले.

हमीदभाईंना आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा तांबडा झाला. "क्या कह रहे हो काकाजी? बच्चे की तरह बनाया है इसको. अब मेरे ही हाथ से बिगड़वाओगे? लोग सुनेंगे तो क्या कहेंगे, हमीद का इंजन और खटखट करता है? किसी और से करवा लो. ले जाओ."

अप्पा स्टुलावर बसले. घरातलं काही बाहेर सांगण्याची त्यांना सवय नव्हती. काकूंच्या आजाराचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं. चहाचं आधण सांगितलं, "आलात?" सांगितलं, पाहुणा म्हणून मिळणारं तांब्या-भांडं सांगितलं. हिंदीत सांगता सांगता मधेच मराठीत गेले आणि त्यांना ते कळलंही नाही. हमीदभाईंनी टोकलं नाही. सगळं झाल्यावर ते म्हणाले, "पहले दिन बता देते, काकाजी. पुराना टॅपेट सँभाल के रखता." मग त्यांनी बोनेट उघडलं.

फट मापानं नाही, कानानं लावायची होती, त्यामुळे इंजिन गार होण्याची वाट बघावी लागली नाही. हमीदभाईंनी पाना लावून फट वाढवली, इंजिन चालू केलं. टक्-टक्-टक्. अप्पांनी मान हलवली. पुन्हा बंद, पुन्हा थोडी ढील, पुन्हा चालू. तानपुरा लावताना गवई खुंटी पिळतात आणि मान हलवत राहतात, तसं ते चाललं होतं. शेवटी अप्पा म्हणाले, "इथून नाही कळत. ती इथून कुठे ऐकते?" आणि ते उठले. गल्ली ओलांडून, टायरवाल्याच्या पुढे, कोपऱ्यावरून वळून दिसेनासे झाले.

हमीदभाई पाना हातात धरून त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. अप्पांची वस्तू उघडी पडली होती, परक्याचे हात तिच्यात होते, आणि अप्पा समोर नव्हते. असं मी पहिल्यांदाच बघत होते. मी मधे उभी राहिले. कोपऱ्यापलीकडून अप्पांचा हात दिसायचा, अजून, अजून, आणि मी तो हमीदभाईंना सांगायचे. इंजिन चांगलं गरम झालं, आवाज बदलला, पुन्हा जुळवला. अर्धी सकाळ गेली. मग एकदा हात दिसलाच नाही. मी जाऊन बघितलं तर अप्पा एका बंद दुकानाच्या पायरीवर, आमच्याकडे पाठ करून बसले होते.

"हाच," ते म्हणाले.

हमीदभाईंनी मजुरी घेतली नाही. एवढंच म्हणाले, की किसी को बोलना मत कि ये मेरा काम है.

त्या संध्याकाळी मी कुंपणाशी मुद्दाम उभी होते. वळणावर आवाज आला. अगदी तोच होता असं मी म्हणणार नाही. गाळलेली टक् कुठेतरी एक घर पुढे-मागे पडत होती. पण आतून भांड्याचा आवाज आला आणि काकू पदराला हात पुसत अंगणात आल्या. "आलात?" त्या म्हणाल्या. "केवढा उशीर आज." अप्पांना "हं" म्हणायलाही जमलं नाही. त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, घाईघाईनं उतरले, फाटकाशी आले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या मागे, बंद गाडीकडे बघितलं. त्यांचा हात पदराकडे गेला.

"आपल्याला कोण पाहिजे?"

मला हुंदका आला तो मी लपवला नाही. अप्पा मात्र गडबडले नाहीत. ते मागे फिरले, गाडीत बसले, आणि किल्ली फिरवली.

त्यानंतर ते संध्याकाळी इंजिन बंद करेनासे झाले. फाटकाशी गाडी उभी राही, टॅपेट वाजत राही, आणि काकू दार उघडून त्यांच्या शेजारी जाऊन बसत. गल्लीत कुणी कुरकुर केली नाही असं नाही. धुराचं एकानं बोलूनही दाखवलं. आईनं त्याला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण पुन्हा कुणी बोललं नाही. हिवाळा संपता संपता मुलगा आला आणि दोघांना पुण्याला घेऊन गेला. त्याचं घर सातव्या मजल्यावर आहे. गाडी इथेच विकली. पुढे आधी काकू गेल्या, मग अप्पा, दोन्ही बातम्या फोनवर कळल्या.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते पुण्याला जायच्या आदल्या संध्याकाळी. मी शाळेतून येत होते, गाडी फाटकाशी वाजत उभी होती आणि दोघं आत होते. काकूंच्या मांडीवर पदरात धरलेला चहाचा पेला होता, तो त्यांनी अप्पांना दिला. अप्पा अंग वळवून पाठ दाराला टेकवून, पूर्ण त्यांच्याकडे तोंड करून बसले होते, चक्कीवाल्यासमोर, शिंप्यासमोर बसायचे तसे. काकू काहीतरी सांगत होत्या, दुधाबद्दल की कुणाच्या मुंजीबद्दल. मी सावकाश शेजारून गेले. काच खाली होती.

"बंद करा ना आता," काकू म्हणाल्या. "किती वेळ नुसतंच जाळताय. आत चला."

अप्पांनी किल्लीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसले.

"जाऊ गं," ते म्हणाले. "बस जरा."